मदत हवी आहे : खदानीचे सुरुंग आणि घराला तडे – सरकारी संस्थेकडून हादरा मोजून कसा घ्यायचा? (धुळे जिल्हा)

पांझराकाठ | २१ एप्रिल २०२४

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण अर्धवट सांगितलं तर पुढचे दहा प्रतिसाद प्रश्न विचारण्यातच जातील.

साक्री तालुक्यातलं आमचं गाव. उत्तरेला काळ्या दगडाची टेकडी आहे. टेकडी कसली, कुणी भिंत बांधत नेल्यासारखी पूर्व-पश्चिम सरळ रांग. धुळे-नंदुरबारकडे आलेल्यांनी अशा रांगा पाहिल्या असतील. भूगर्भवाले त्यांना डाईक म्हणतात. जमिनीच्या भेगेतून वर येणारा लाव्हा तिथेच थिजला, आजूबाजूचा नरम दगड झिजून गेला आणि ही भिंत उरली. तिच्या एका टोकाला दहा-बारा वर्षांपासून खदान आणि खडी क्रशर आहे. माझं घर मळ्यात, २०२२ साली बांधलेलं. खदानीपासून सरळ रेषेत ४५० मीटर (मोबाइलच्या नकाशावर मोजलं).

पूर्वी ट्रॅक्टरच्या कम्प्रेसरवर भोकं पाडायचे. दुपारी फटाके फुटल्यासारखं व्हायचं, कुणी लक्षही देत नव्हतं. गेल्या दिवाळीनंतर मोठं ड्रिल मशीन आलं. आता आठवड्यातून दोनदा, दुपारी एक-दीडच्या सुमारास, आधी पायाखालून काहीतरी सरकतं आणि मग क्षणभराने धप्प आवाज येतो. मांडणीवरची ताटं एकमेकांवर वाजतात. आईने लोणच्याची बरणी वरच्या फळीवरून उतरवून कोठीशेजारी जमिनीवर ठेवली आहे, कायमचीच.

फेब्रुवारीत आईने हाक मारली, "दख, हाऊ तडा काल नही व्हता." स्वयंपाकघराच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरपा, विटांच्या सांध्यांतून जिन्यासारखा उतरत गेलेला. आता तीन आहेत. दुसरा बेडरूमच्या दारावर, तिसरा वर स्लॅब भिंतीला टेकतो तिथे आडवा, पार लांबपर्यंत.

खदानवाल्याकडे गेलो. चहा पाजला आणि म्हणाला, "दादा, सगळं परवानगीने चालू आहे, तुमचा मिस्तरी कच्चा निघाला." ग्रामपंचायतीत गेलो तर म्हणाले पुरावा आणा. पुरावा म्हणजे काय आणायचा? ताटं वाजल्याचा व्हिडिओ आहे, तो बघून सगळे हसतात.

शोधाशोध करताना कळलं की धनबादला सिंफर नावाची केंद्र सरकारची संशोधन संस्था आहे, ती असले हादरे मोजते, आणि तिचं केंद्र नागपूरलाही आहे. माझ्यासारख्या साध्या माणसाला त्यांच्याकडून मोजणी करून मिळते का? अर्ज कुणाच्या नावे करायचा? मोबाइलमधलं हादरे मोजायचं अ‍ॅप पुरावा म्हणून चालतं का? आणि किती हादरा म्हणजे जास्त, याचा काही सरकारी आकडा आहे का?

वकील करा, असं कृपया सांगू नका. तो शेवटी आहेच.

---

कुंपणावरचा | २१ एप्रिल २०२४

खदान कुणाची आहे ते आधी बघा. पुढाऱ्याची असेल तर तडे सिमेंटने बुजवा आणि झोपा.

---

निवृत्त सुरुंगवाला | २२ एप्रिल २०२४

वरच्या प्रतिसादाकडे लक्ष देऊ नका. मी २६ वर्षं ब्लास्टिंगमध्ये काढली, खदानवाल्यांच्या बाजूने. त्यामुळे माझं थोडं कडू लागेल.

आकडा आहे. खाण सुरक्षा महासंचालनालय, म्हणजे डीजीएमएस, यांचं १९९७ सालचं ७ नंबरचं परिपत्रक शोधा. जमिनीचा कण हादऱ्यात सेकंदाला किती मिलिमीटर वेगाने हलतो, त्यावर मर्यादा ठरते. खदानवाल्याच्या मालकीची नसलेली साधी घरं असतील, तर कंपनाची वारंवारता ८ हर्ट्झच्या खाली असताना ५ मिमी, ८ ते २५ मध्ये १० मिमी, २५ च्या वर १५ मिमी. मंद, डुलवणारा हादरा घराला जास्त बाधतो, म्हणून तिथे मर्यादा कडक. तुमच्याकडे मातीचा थर जाड असेल तर हादरा मंद होऊन येतो, हे ध्यानात ठेवा.

आता कडू भाग. माणसाला अर्धा-एक मिलिमीटरचा हादराही स्पष्ट जाणवतो, आणि ताटं तर बऱ्याचदा हवेच्या दणक्यानेच वाजतात. ताटं वाजली म्हणजे भिंत फुटली असं होत नाही. अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्सने (१९१० साली सुरू झालेली सरकारी संस्था, १९९६ मध्ये बंद केली, आमच्या धंद्यातले लोक अजून हळहळतात) कोळशाच्या खाणीजवळ एक घर नुसतं तपासायला उभं केलं होतं. जोरात आपटलेलं दार आणि दिवसरात्रीचा ऊन-गारठा यांनीही भिंतीवर सुरुंगाच्या तोडीचा ताण येतो, असं त्यात निघालं.

पण तुमच्या हकिकतीत मला खटकलं ते मोठं ड्रिल. कम्प्रेसरच्या दीड मीटर भोकात अर्धा किलो माल, म्हणजे स्फोटक, बसतो. चार इंची, वीस फुटी भोकात २५-३० किलो सहज जातो. एकूण माल किती उडवला याला फार अर्थ नाही, एका क्षणाला किती उडाला हे महत्त्वाचं. हिशोब असा : अंतर भागिले त्या मालाचं वर्गमूळ. एका वेळी एकच भोक, २५ किलो, तर ४५० भागिले ५, म्हणजे ९०. चार भोकं एकदम, १०० किलो, तर ४५० भागिले १०, म्हणजे ४५. हा आकडा जितका लहान तितका हादरा मोठा. भोकांमध्ये निदान ८ मिलिसेकंदांचं अंतर हवं, तरच ती वेगळी धरायची, हा नियमही त्याच अमेरिकन ब्यूरोचा. हे अंतर ठेवणाऱ्या चांगल्या डिले डिटोनेटरला पैसे पडतात. तिथे काटकसर केली की शेजाऱ्याची ताटं वाजतात.

माहिती अधिकारात ब्लास्टिंगची नोंदवही मागा. कोणत्या तारखेला किती भोकं, भोकात किती माल, कुठला डिले.

---

काळी पांढरी | २२ एप्रिल २०२४

मी स्थापत्यवाली, जळगाव. एकच प्रश्न : मळ्यातलं घर काळ्या मातीत आहे का? पाया किती खोल?

---

पांझराकाठ | २२ एप्रिल २०२४

सुरुंगवाले काका, फार फार आभार. आमच्याकडे ट्रॅक्टरवर दोन बोटांची मशिनं होती, आता वेगळंच आहे, हे अगदी बरोबर ओळखलंत.

ताई, हो, काळी जमीन. पाया साडेतीन फूट. मुरूम आठ-नऊ फुटांवर लागतो, विहीर खोदताना पाहिलं होतं.

---

काळी पांढरी | २३ एप्रिल २०२४

मग थोडा दोष आपल्याच पदरात घ्या. आपले आजोबा-पणजोबा पेरायचे काळीत आणि राहायचे पांढरीत, ते उगाच नाही. गावठाणातलं तुमचं जुनं धाब्याचं घर बघा, त्याला तडे आहेत का? नसणार. काळी माती पावसात फुगते, चैत्र-वैशाखात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. साडेतीन फुटांचा पाया त्या हलणाऱ्या थरातच तरंगतोय. जिन्यासारखा तिरपा तडा ही तिचीच सही असते. अशा जमिनीसाठी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने खाली गाठीसारखा फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाइल काढले, त्याला कितीतरी दशकं झाली. आपल्याकडे मिस्तरी अजून पावलांनी पाया मोजतो.

तिसरा, स्लॅबखालचा आडवा तडा तर मी बघायलाही येणार नाही. आपल्या उन्हात स्लॅब ताणतो आणि भिंतीला सोबत ओढतो. तो सुरुंगाच्या खात्यावर टाकलात तर समोरचा इंजिनिअर पहिल्या दहा मिनिटांत तुमची केस झोपवेल.

आता करायचं काय : प्रत्येक तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. मायक्रोस्कोपच्या पातळ काचपट्ट्या शाळेच्या प्रयोगशाळेतून आणा, तड्यावर आडव्या धरून दोन्ही टोकं अ‍ॅराल्डाइटने चिकटवा. तडा हलला की काच फुटते. ती कोणत्या दिवशी फुटली, हे वहीत लिहायचं. ब्लास्टिंगचे दिवसही त्याच वहीत. पाऊस पडून महिना होईपर्यंत थांबा.

---

धनबादला राहिलेला | २४ एप्रिल २०२४

सिंफरबद्दल. २००७ साली धनबादच्या दोन जुन्या प्रयोगशाळा एकत्र करून ती झाली, खाणकामाची सीएमआरआय आणि इंधनाची सीएफआरआय. सुरुंगाचे हादरे हा त्यांचा रोजचा विषय. नागपूरला केंद्र आहे, बरोबर. पण ही कामं ते सल्लागारी प्रकल्प म्हणून फी घेऊन करतात, आणि फी सहसा खाणमालक किंवा सरकारी खातं भरतं. एका घरासाठी एका माणसाने जाणं खिशाला जड पडेल. म्हणून तुमचा अर्ज तिकडे नको. जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, खनिकर्म शाखेत द्या, आणि मागणी नेमकी लिहा : 'खदान बंद करा' असं न लिहिता 'परवानाधारकाच्या खर्चाने सिंफर किंवा तत्सम संस्थेकडून कंपनमोजणी करून घ्यावी.' बंगळुरूची राष्ट्रीय शिला यांत्रिकी संस्थाही हेच काम करते, आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत खाण अभियांत्रिकीचा विभाग आहे, तेही नाव घाला. नागपूरच्या भारतीय खाण ब्यूरोच्या नावाला भुलू नका. खडी हे गौण खनिज, ते राज्याच्या अखत्यारीत.

एक प्रत डीजीएमएसला. खदानवाले म्हणतात, आमची छोटी खदान खाण कायद्यात येत नाही. १९५२ च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात दगड-मुरुमाच्या खदानींना सूट आहे खरी, पण तीन अटींवर : खोली ६ मीटरच्या आत, माणसं ५० च्या आत, आणि स्फोटकं वापरायची नाहीत. सुरुंग लावला की सूट संपली.

अ‍ॅप चालणार नाही. फोन टेबलावर पडलेला असतो, टेबलच हलतं. खऱ्या यंत्राचा जिओफोन तुमच्या पायाजवळ, खदानीकडच्या बाजूला, जमिनीत घट्ट पुरतात आणि तो तिन्ही दिशांनी मोजतो, सोबत हवेच्या दणक्यासाठी मायक्रोफोन. मोजणीच्या दिवशी तिथे हजर राहा. आणि त्या दिवशी नेहमीएवढीच भोकं भरली आहेत ना, हे काकांसारख्या माणसाला बघायला लावा. मोजणीच्या दिवशी सगळे सुरुंग मवाळ होतात, हा माझा अनुभव.

---

पांझराकाठ | ३० जून २०२४

उशिरा लिहितोय, पेरणीत अडकलो होतो.

तीन तड्यांवर तीन काचा लावल्या होत्या. बेडरूमची १६ जूनला फुटली. रविवार होता, खदान बंद, आदल्या रात्री पहिला मोठा पाऊस. ताईंना दंडवत. स्लॅबखालची त्याआधीच मे महिन्यात, भर उन्हात गेली होती.

स्वयंपाकघराची मात्र २० तारखेला गेली, गुरुवारी दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी. आई समोरच भाकरी थापत होती, तिने टक् असा आवाज ऐकला आणि तव्यावरची भाकरी तशीच सोडून मला मळ्यातून हाक मारली. भाकरी करपली, वहीत नोंद झाली.

अर्ज दिला आहे, सांगितलं तसाच, फक्त त्या एका तड्याबद्दल. पोच घेतली. नोंदवहीसाठी माहिती अधिकाराचा अर्जही टाकलाय. मोजणी परवानाधारकाच्या खर्चाने करून घेतल्याचं धुळे, जळगाव किंवा नंदुरबारात कुणाचं प्रकरण असेल, तर त्या आदेशाची प्रत मिळेल का? मागच्या अर्जाला जोडायला बरी पडेल.