मिग-२१ चा खोका उघडला, पहिली नजर

दादा, तुम्ही विचारलंत की मिग-२१ या लढाऊ विमानाचं १/७२ चं (मूळच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं) जोडायचं प्लास्टिक मॉडेल नवख्याच्या हाताला फार बारीक पडेल का. परवाच जळगावला माझं पार्सल आलं, म्हणून लिहितो.

लहान आहे खरं. मूळ विमानाच्या पंखांचा पसारा ७.१५ मीटर, म्हणजे मॉडेल जेमतेम १० सेंटिमीटर. पण पॅनेलच्या रेषा (विमानाच्या पत्र्यांचे जोड) काय नाजूक कोरल्यात! शाई सोडली की आपोआप धावेल. धडाचे दोन अर्धे मी कोरडेच जुळवून पाहिले. पोटाकडे चपखल, पाठीच्या उंचवट्यावर मात्र नखाला लागेल अशी पायरी आहे. तिथे पुट्टी आणि पॉलिश पेपर लागणारच. एका चाकाच्या झाकणावर खड्डाही पडलाय. नाकापुढची पिटो नळी (खऱ्या विमानात वेग मोजायला असते ती) सांभाळा, ती माझ्याकडून कापतानाच तुटली. आता इंजेक्शनच्या सुईची करणार.

नाकात वजन विसरू नका, नाहीतर विमान शेपटीवर बसतं. मी गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या आणल्यात. काचेला फेव्हिकॉलच वापरा, फेविक्विकच्या वाफेने ती पांढरी पडते.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, एअरब्रशचा (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनचा) रंग पृष्ठभागावर पोचेपर्यंत सुकून खरखरीत होतो. म्हणून रंगकाम पहाटे, तेही कूलर बंद ठेवून.

१९६३ पासून २०२५ पर्यंत वायुसेनेत राहिलेलं हे विमान. डेकलमधली (मॉडेलवर चिकटवायच्या चित्रांमधली) तिरंगी वर्तुळं पाहूनच मन भरून आलं. तुम्ही बिनधास्त घ्या.