फिलिपिन्सची ट्रायसिकल: आईच्या गुडघ्यांना झेपेल का?

नाशिकची_सई
फेब्रुवारीत आई-बाबांना घेऊन फिलिपिन्सला निघालेय. भारतीयांना आता १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही म्हटल्यावर बाबांनीच विषय काढला, हेच आमच्या घरात नवल! व्हिगन आणि दुमागेते ठरलंय. दोन्हीकडे गावात फिरायला ट्रायसिकलच, असं जो तो सांगतोय. फोटोत तर मोटरसायकलच्या कडेला पत्र्याची पेटी जोडलेली दिसते. आई ६८ची, गुडघे दुखतात. बाबा पावणेसहा फूट. जमेल का? आणि भाडं कसं ठरवायचं?

फिरस्ता_सातारी
सरळ गाडी ठरवा. ट्रायसिकल म्हणजे धूर, आवाज आणि कमरेचा भुगा. फोटोपुरतं एकदा बसा.

भोसरीचा_वेल्डर
सातारकर, धूर आणि आवाज मान्य. बाकीचं नाही.

सईताई, माझं आयुष्य भोसरीत पाइप वाकवण्यात गेलं, त्यामुळे कुठेही गेलो तरी मी चर्च कमी आणि वेल्डिंगचे जोड जास्त बघतो. बायकोची तक्रार आहेच. व्हिगनला पहिल्याच ट्रायसिकलमध्ये डोकं आपटलं. छप्पर बुटकं, शिरायचं वाकून, आणि बसल्यावर गुडघे हनुवटीशी. मनात म्हटलं, कोणी बांधली ही? मग तेच शोधत बसलो.

आपली रिक्षा नागपूरला बघा की सावंतवाडीला, सांगाडा तोच. कारखान्यातून आलेली. तिकडे कारखान्यातून येते ती नुसती मोटरसायकल. साइडकार, म्हणजे ती कडेची पेटी, गावातला वेल्डर बांधतो, म्हणून गाव बदललं की गाडी बदलते. व्हिगनची चिंचोळी. दुमागेतेची ऐसपैस, समोरासमोर बाकं, सहा-सात माणसं सहज. तिला तिथे 'पेडिकॅब' म्हणतात, पायडल नसलं तरी. उत्तरेला बातानेस बेटांवर छपराला चक्क कोगोन गवत शाकारतात. आणि पगादियान शहर सगळं चढावर, तर तिथली साइडकार मुळातच तिरकी बांधलेली, जवळजवळ ४० अंशांत. तिथे मी गेलो नाही, फोटोच पाहिलेत, पण ज्याने तो कोन पहिल्यांदा काढला त्याला माझा नमस्कार.

दुमागेतेत एका वर्कशॉपच्या दारात अर्धा दिवस उभा होतो. पोरगा विशीतला. नकाशा नाही, जिग म्हणजे जोड धरून ठेवायचा साचाही नाही. दोन्ही चाकांना सुतळी ताणून रेघ बघत होता, आणि मोटरसायकल साइडकारपासून बोटभर बाहेर झुकवून क्लॅम्प आवळत होता. तो झोक नसेल तर गाडी सारखी ओझ्याकडे ओढते. तशीही ही गाडी वाकडीच: इंजिन एका अंगाला, माणसं दुसऱ्या. वाहतूक उजवीकडून, म्हणून साइडकार उजवीकडे. वेग दिला की गाडी उजवीकडे जाते, ब्रेक मारला की डावीकडे. चालवणारा गप्पा मारता मारता हँडलवर तेवढं उलटं देत असतो. मागचं स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचं दातेरी चाक, मोठं घालतात, पळ कमी झाला तरी चालेल पण ओढायला हवी.

मी बसलो त्या गाडीच्या टाकीवर बजाज सीटी १००! मोटरसायकल आपली, तिकडे विकते कावासाकी. चालकाला म्हटलं, मी या कंपनीच्या गावचा, पुण्याचा. पुणे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने टाकीवर थाप मारली आणि म्हणाला, "लिग-ऑन", म्हणजे मजबूत. मला कारण नसताना मूठभर मांस चढलं.

भाड्याचं: शेअरमध्ये बसलात तर ठरलेला दर, मी गावातल्या गावात १५ पेसो दिले. दराचा तक्ता म्हणजे 'तारिपा', बऱ्याचदा आतच लावलेला असतो. अख्खी गाडी हवी असेल तर 'स्पेशल', आणि तिथे मात्र बसण्याआधी बोलून घ्या. गाडीवर नंबर आणि टोडा असं रंगवलेलं असतं. ती स्टँडची चालक-मालक संघटना. परवाना नगरपालिका देते, म्हणून प्रत्येक गावचे रंगही वेगळे. राष्ट्रीय महामार्गावर बंदी आहे, पण जिथे दुसरा रस्ताच नाही तिथे काय करणार, चालतात.

एका गाडीच्या मागे लिहिलं होतं, 'कातास नांग साउदी'. विचारलं तर म्हणे सौदीचा रस. म्हणजे सौदीत घाम गाळून आणलेल्या पैशांतून घेतलेली गाडी.

रत्नांग्रीचा_बाबू
काका, आमच्या वाडीत असा सौदीचा रस काढून बांधलेली तीन घरं आहेत, फक्त कोणी रंगवून लिहिलं नाही! माझा भाचा दावाओला एमबीबीएस करतोय. तिकडे आपल्यासारखी अख्खी बजाज रिक्षाच असते, तिला 'बाओ-बाओ' म्हणतात. सईताईंना ती मिळाली तर प्रश्नच मिटला.

फिरस्ता_सातारी
वेल्डरकाका, शरण. कंबर मात्र माझीच गेली होती.

नाशिकची_सई
काका, हे सगळं आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती विचारतेय, मी नेमकं बसू कुठे?

भोसरीचा_वेल्डर
वहिनींना सांगा, दुमागेतेत काळजीच नको. साइडकारमध्ये पुढे तोंड असलेलं बाक धरायचं, चढायचं फुटपाथकडून. उतरायचं असेल तिथे "लुगार लांग" म्हणायचं, लगेच थांबतो. व्हिगनला स्पेशल घ्या, आत त्या आणि तुम्ही. चालक वयाने मोठा असेल तर 'मानोंग' म्हणा, तिथल्या इलोकानो भाषेत दादा. काल्ये क्रिसोलोगोच्या दगडी रस्त्यावर वाहनं बंद आहेत, तिथे घोडागाडी करा.

बाबांना चालकाच्या मागे बसवा. डोकं वाचेल. पण उजवा पाय सायलेन्सरपासून लांब ठेवायला सांगा, माझ्या पोटरीवर अजून डाग आहे.