दहशतवादाच्या बळींसाठी स्मरणदिन हवा की कायदा?

पश्चिमरेषा (धागाकर्ता):
२१ ऑगस्ट हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला दहशतवादाच्या बळींचा स्मरणदिन. डिसेंबर २०१७मध्ये ठराव झाला, २०१८पासून तो पाळतात. माझं मत स्पष्ट आहे. ज्या देशात हल्ल्यातल्या जखमीला मदत मिळणं हा त्याचा हक्क नाही, त्या त्या वेळच्या सरकारची घोषणा आहे, तिथे आधी कायदा व्हायला हवा. दिवस नंतर पाळता येईल.

जुलै २०२५ आठवा. २१ तारखेला मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६च्या लोकल स्फोटांत दोषी ठरलेल्या बाराही जणांची शिक्षा रद्द केली. (सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांनी तो निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरायला मनाई केली, पण सुटलेल्यांना परत आत टाकलं नाही.) ३१ तारखेला मालेगावच्या २००८च्या स्फोटातले सातही आरोपी सुटले. लोकलमध्ये १८०हून जास्त माणसं गेली, मालेगावात सहा. कोणी केलं, याचं उत्तर त्यांच्या घरच्यांकडे आजही नाही. मालेगावच्या निकालात मृतांच्या वारसांना दोन लाख आणि जखमींना पन्नास हजार द्यायला सांगितलं. सतरा वर्षांनी!

उत्तरा_नाशिक:
तुमचा राग पटतो, निष्कर्ष पटत नाही. बातम्यांत हल्लेखोराचं नाव, त्याचा फोटो, त्याचं गाव सगळं येतं. मेलेल्यांचा फक्त आकडा येतो. स्मरणदिनाला नावं वाचली जातात, घरचे बोलतात. २०२२च्या ऑक्टोबरात सुरक्षा परिषदेच्या दहशतवादविरोधी समितीची बैठक मुंबईत ताजमध्ये भरली, तेव्हा २६/११मधून वाचलेली माणसं जगभरच्या प्रतिनिधींसमोर उभी राहिली. त्यांना तिथे कोणी पैसे दिले नाहीत हे खरं. पण त्यांचं ऐकलं गेलं, आणि ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला विचारा, ऐकून घेणं किती मोठं असतं ते.

शिवाय कायदा आकाशातून पडत नाही. त्याच वर्षी, २०२२मध्ये, संयुक्त राष्ट्रांनी आणि आंतर-संसदीय संघाने (जगभरच्या संसदांची संघटना) बळींच्या हक्कांसाठी नमुना तरतुदी तयार केल्या. कुठल्याही देशाच्या संसदेने उचलून आपल्याकडे आणाव्यात अशा. स्मरण करणारे लोक नसते तर हे कागदावर तरी आलं असतं का?

पश्चिमरेषा:
कागदावर आलं, आपल्याकडे आलं का? उत्तराताई, आपल्याकडे बळींसाठी वेगळा कायदाच नाही. केंद्राची एक योजना आहे, २००८पासूनची. मृत्यू झाला किंवा पन्नास टक्के वा जास्त कायमचं अपंगत्व आलं तर आता पाच लाख. हे पन्नास टक्के नीट बघा. स्फोटात सर्वांत आधी कानाचे पडदे फाटतात. अपंगत्व मोजताना चांगल्या कानाला जास्त वजन असतं, त्यामुळे एका कानाने ठार बहिरा झालेला माणूस पन्नासच्या जवळपासही जात नाही. त्याच्या डोक्यात रात्रंदिवस शिट्टी वाजत असते, ती तर कुठल्याच रकान्यात बसत नाही.

दूरदेशी (माद्रिद):
इथे राहतो म्हणून लिहितो. ११ मार्च २००४ला माद्रिदच्या लोकल गाड्यांत बॉम्ब फुटले. सकाळची वेळ, कामावर जाणारी माणसं, आपल्यासारखीच. तो दिवस पुढे युरोपचा स्मरणदिन झाला. रेतीरो बागेत १९२ झाडं लावलीत, सुरू आणि ऑलिव्ह, गेलेल्या एकेका माणसाचं एकेक. आणि २०११मध्ये बळींच्या हक्कांचा सविस्तर कायदाही झाला. म्हणजे इथे दोन्ही झालं. 'आधी हे की आधी ते' हा वाद मला इथे कोणी घालताना दिसला नाही.

फ्रान्समध्ये तर १९८६पासून भरपाई निधी आहे. घर-गाडीच्या प्रत्येक विमा पॉलिसीमागे ठरावीक रक्कम त्यात जाते. आई किंवा वडील गेले तर मुलाला 'राष्ट्राचं पाल्य' असा दर्जा मिळतो. मानसिक धक्काही इजा म्हणून धरतात.

खडकाळ:
युरोपची उदाहरणं पुरे. आपल्याकडे कारखान्यात हात गेलेला, पुरात घर गेलेला, रस्त्यावर गाडीखाली आलेला, सगळेच रांगेत आहेत. दहशतवादाच्या बळीला वेगळा कायदा का? दुःख तेवढंच असतं. आणि संयुक्त राष्ट्रांना दहशतवाद म्हणजे काय हेच अजून एकमताने ठरवता आलेलं नाही. भारताने १९९६मध्ये मांडलेला दहशतवादविरोधी सर्वंकष कराराचा मसुदा त्यावरच अडलाय. बळी कोण, हे मग कोण ठरवणार?

वकील_ठाणे:
खडकाळ, पहिल्या मुद्द्याला उत्तर असं: हल्ला त्या माणसावर नसतो, त्याच्या आडून राज्यावर असतो. त्याने राज्याच्या वतीने घाव सोसलाय, म्हणून राज्य त्याचं देणं लागतं. दुसरा मुद्दा: संयुक्त राष्ट्रांच्या १९८५च्या जाहीरनाम्यात स्वच्छ म्हटलंय की गुन्हेगार सापडो न सापडो, शिक्षा होवो न होवो, बळी हा बळीच. आपल्या नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, कलम ३९६ही (जुन्या कायद्यातलं ३५७-अ) तेच म्हणतं. आरोपी सापडला नाही तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईसाठी अर्ज करता येतो. लोकांना हे माहीतच नसतं. निकाल लागेपर्यंत थांबायचं असतं असं समजून घरं बसून राहतात.

उत्तरा_नाशिक:
मग हीच माहिती २१ ऑगस्टला सांगा ना! तालुक्याच्या न्यायालयात त्या दिवशी टेबल टाकून अर्ज भरून घ्या. मालेगावात घ्या, माहीमला घ्या. दिवस वाया जातो म्हणता, तर तो कामाला लावा.

पश्चिमरेषा:
टेबल टाकायला मी येतो. पण ताई, केंद्राच्या योजनेतून मदत मागणारा जखमी त्या पन्नास टक्क्यांच्या अटीपाशीच अडणार आहे. ती अट सरकार बदलू शकतं, पण मदत हक्क म्हणून पक्की व्हायला संसदेचा कायदाच लागेल, आणि मी हटून बसलोय ते तेवढ्यासाठीच.