कोलायटिसला प्रोबायोटिक घ्यावं का? मेसालामाइन बंद करून चालेल?

नीता_सांगली:
नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या दिरांना अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा) निघालाय, कोलोनोस्कोपी झाली, मेसालामाइन (ही सूज उतरवणारं औषध) चालू आहे, रक्त पडायचं थांबलंय पण अजून चार-पाच वेळा जावं लागतं. आता घरातलेच एक मोठे म्हणतायत गोळ्या आयुष्यभर कशाला, प्रोबायोटिक घे, चांगले जंतू वाढले की झालं. मेडिकलवाल्याने एक पाकीट दिलं, दुसऱ्या दुकानात वेगळंच, दोन्हीवर अब्जांचे आकडे. आणि रोज वाटीभर दही खातातच की ते, तेवढं पुरत नाही का?

जुना_कोलायटिसवाला:
ताई, मेसालामाइन अजिबात बंद करू देऊ नका, मग बाकीचं बोलू. बरं वाटायला लागलं की गोळ्या सोडायच्या आणि परत उसळलं की धावत दवाखाना, हे आमच्यात फार चालतं. दही पचत असेल तर खुशाल खाऊ द्या, पण ते जेवण आहे, औषध नाही. घरच्या विरजणात कुठले जंतू किती, हे कुणालाच माहीत नसतं.

स्ट्रेन_बघा:
सगळी गंमत इथेच आहे, 'प्रोबायोटिक' असं एक औषध नसतंच. कोलायटिसमध्ये ज्यांचा अभ्यास झालाय ते ठरावीक आहेत. एक ई. कोलाय निसल १९१७ नावाचा जंतू, पहिल्या महायुद्धात आजूबाजूला जुलाबाची साथ असताना ठणठणीत राहिलेल्या एका सैनिकाच्या शौचातून जर्मनीच्या डॉ. आल्फ्रेड निसल यांनी काढलेला. आजार शांत ठेवायला तो मेसालामाइनच्या जवळपास उतरला. दुसरं आठ जंतूंचं मिश्रण, त्याची चाचणी भारतातच झाली, २००९ साली छापून आली, १२ आठवड्यांनी आजार शांत झालेले ४२.९ टक्के आणि नुसती बिनऔषधी पूड घेतलेल्यांत १५.७. पण डोस बघा, एका वेळी ३६०० अब्ज जंतू, तोही दिवसातून दोनदा. तुमच्या पाकिटावर दोन-पाच अब्ज असतील तर काय तुलना करणार? एवढं असूनही अमेरिकन गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी असोसिएशनने २०२० मध्ये कोलायटिस आणि क्रोन्ससाठी (आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार) 'फक्त चाचणीतच वापरा' असं म्हटलंय. क्रोन्समध्ये तर पुरावा अगदीच तोकडा.

पुण्याची_आई:
मधेच विचारते, पोरांच्या जुलाबाला डॉक्टर लगेच प्रोबायोटिक लिहितात ते तरी बरोबर ना?

स्ट्रेन_बघा:
तिथेही तेच. २०१८ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या दोन मोठ्या चाचण्यांत साध्या गॅस्ट्रोला काही फरक दिसला नाही. ओआरएस आणि झिंक आधी, उरलेलं नंतर. अँटिबायोटिकमुळे होणाऱ्या जुलाबाला मात्र बुलार्डी बरं, ते यीस्ट आहे, बॅक्टेरिया मारणाऱ्या गोळ्यांनी मरत नाही. पण आयसीयूत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती पार खाली गेलेल्या पेशंटला नको, तेच यीस्ट रक्तात उतरल्याच्या केसेस आहेत.

जुना_कोलायटिसवाला:
आणि नीताताई, चार-पाच वेळा जावं लागतंय म्हणजे आतली सूज अजून आहे का ते बघायला हवं. डॉक्टरांना फीकल कॅलप्रोटेक्टिनबद्दल विचारा, शौचाचीच टेस्ट असते. आजार मोठ्या आतड्याच्या खालच्या टोकाला असेल तर गोळीबरोबर मेसालामाइनचा एनिमाही देतात, लोक लाजून सांगतच नाहीत.

नीता_सांगली:
पाकिटावर बघितलं, ५ अब्ज लिहिलंय 😅 एनिमाचं नाव काढल्यावर भावोजींचं तोंड बघण्यासारखं झालं, पण टेस्टला तयार आहेत. सोमवारी फॉलोअप आहे, विचारते.