फ्रिदा काहलो: चित्रे मोठी की दुखणे मोठे?

प्रस्ताव
मेक्सिकोची चित्रकार फ्रिदा काहलो (१९०७–१९५४) हिच्यावरचा कोणताही लेख उघडावा, तर १९२५ च्या बस-अपघाताचे आणि नंतरच्या शस्त्रक्रियांचे वर्णन पानभर असते व चित्रांच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी येतात. अंथरुणाला खिळलेल्या मुलीला पडल्या-पडल्या रंगवता यावे म्हणून घरच्यांनी खास इझल करवून घेतला, वर आरसा बसवला, हे खरे. परंतु तेवढ्याने कोणी चित्रकार होत नाही. दुःखाची कीव करून चित्राला मोठेपण देणे मला अन्यायाचे वाटते.

प्रतिसाद
असहमत. 'हेन्री फोर्ड हॉस्पिटल' (१९३२) चरित्र वगळून पाहायचे तरी कसे? डेट्रॉइटमध्ये गर्भ गमावल्यावर तिने स्वतःला रक्ताळलेल्या पलंगावर विवस्त्र रंगवले आणि हातातल्या लाल दोऱ्यांना गर्भ, गोगलगाय, कमरेचे हाड बांधले. हे ठाऊक नसेल तर ते चित्र निव्वळ कोडे ठरेल.

प्रस्तावकाचे उत्तर
हे उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे. ते चित्र धातूच्या पत्र्यावर आहे. संकटातून वाचलेली माणसे पत्र्यावर तो प्रसंग रंगवून घेऊन चर्चमध्ये वाहतात, अशी मेक्सिकोत जुनी रीत आहे. आपल्याकडच्या नवस फेडण्यासारखीच. त्या चित्रांत वर आकाशात तारणारा संत असतो आणि खाली आभाराचा मजकूर. फ्रिदाने पत्रा घेतला, मांडणी घेतली, पण संताला जागा दिली नाही आणि आभारही मानले नाहीत. हा निर्णय वेदनेने घेतलेला नाही, परंपरा जाणणाऱ्या चित्रकर्तीने घेतलेला आहे.

आणखी एक प्रतिसाद
संताचा मुद्दा मान्य. तरीही 'द ब्रोकन कॉलम'मध्ये (१९४४) कण्याच्या जागी तडकलेला खांब, अंगभर खिळे आणि छातीभोवती आधारपट्टे रंगवणारी बाई आपले दुखणे प्रेक्षकापासून लपवू पाहत होती, असे कोण म्हणेल? १९५३ मध्ये मेक्सिकोतल्या तिच्या एकल प्रदर्शनाला ती रुग्णवाहिकेतून आली आणि दालनात आधीच नेऊन ठेवलेल्या आपल्या पलंगावर पडून तिने पाहुण्यांचे स्वागत केले. चरित्र आणि चित्र तिने स्वतःच एका दालनात मांडले असताना आपण ते वेगळे करू म्हणणे, हीसुद्धा तिच्यावर केलेली जबरदस्तीच आहे. कीव नको, हे मात्र शंभर टक्के पटते.