मदत हवी आहे: पुणे–वाई–लिंब–औंध, दोन दिवस, सोबत गुडघेदुखी असलेले बाबा

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी पुण्याहून गाडी काढतोय. मी, बायको, आई आणि बाबा. बाबा ७६ वर्षांचे, दोन्ही गुडघे झिजलेले. सपाटीवर काठी टेकत बरंच चालतात. पायऱ्या मात्र कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय आणत. दहा-पंधरा जमतात, मग चेहरा उतरतो.

ही सहल त्यांच्यासाठीच आहे. शाळेत असताना गुरुजींनी त्यांना कोरेगावहून एसटीने औंधला (सातारा जिल्ह्यातलं, पुण्यातलं नव्हे) नेलं होतं. आजीच्या देव्हाऱ्यात रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी होती. त्याच राजा रविवर्म्याच्या हातचं मूळ तैलचित्र भवानी संग्रहालयात समोर पाहिलं. लुगड्याची जर खरीच वाटली म्हणून हात पुढे केला, तर गुरुजींनी मागे ओढलं. परत जायचं राहूनच गेलं. परवा त्यांनी कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलीने रस्ता काढून दिला, औंधभोवती दोनदा गोल केलाय.

बेत असा: पहिल्या दिवशी सुरूर फाट्यावरून वाई, ढोल्या गणपती, मग मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट. १७३९च्या वसई मोहिमेत मिळालेली घंटा आईला बघायचीय. मुक्काम साताऱ्यात. दुसऱ्या दिवशी लिंबची बारा मोटांची विहीर, मग रहिमतपूरमार्गे औंध. परतताना कोरेगाव, वाठार, सालपे घाट, लोणंद, नीरा, जेजुरी, सासवड. हायवेने परत यायचं नाही, बाबांना त्यांच्या लहानपणीचा रस्ता बघायचाय.

आता अडचण. गेल्या वर्षी एका ठिकाणी 'थोड्याच पायऱ्या आहेत' या सांगण्यावर गेलो. निघाल्या दीडशेच्या वर. बाबा खाली कट्ट्यावर दोन तास बसून राहिले. 'तुम्ही बघून या, मी इथं मजेत आहे' म्हणाले, पण घरी येईपर्यंत फारसं बोलले नाहीत. म्हणून 'थोड्याच' असं नको, आकडा सांगा.

औंधला गाडी संग्रहालयाच्या दारापर्यंत जाते का? तिथून आत किती पायऱ्या? मूळपीठावर, म्हणजे डोंगरावरच्या देवळात, यमाईच्या दर्शनाला वयस्कर माणसाला जमेल असा रस्ता आहे का, की गावातल्याच यमाईला जावं? लिंबला विहिरीत उतरणं त्यांना झेपणार नाही हे धरून चाललोय, पण वरून, काठावरून आतलं बांधकाम नीट दिसतं का? मेणवलीच्या घाटावर एका बाजूने तरी आधाराला काही आहे का?

साताऱ्यात तळमजल्यावर खोली आणि कमोड असलेलं साधं, स्वच्छ लॉज कुणी स्वतः राहून आलं असेल तर कळवा. रहिमतपूर-औंध भागात घरगुती जेवण मिळालं तर उत्तम. बाबांना ज्वारीची भाकरी लागते.

आणखी एक. तेव्हा गळीत हंगाम चालू असेल. कोरेगाव-लोणंद पट्ट्यात अंधार पडल्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागचा दिवा नसताना चालतात, हा अनुभव घेतलाय. औंधहून किती वाजता निघालं तर उजेडात नीरा गाठता येईल? त्यासाठी मेणवली कमी करावी लागली तरी चालेल, औंधला मात्र घाई नको.

गेल्या दोन-तीन महिन्यांत जाऊन आलेल्यांनी जरूर लिहा.