मदत हवी आहे: कोरड्या दगडातून फॉस्फेट निघतच आहे

जुन्या रीफ टँकमधले (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतले), दोन वर्षं कोरडे पडलेले २० किलो दगड पुन्हा वापरायचे आहेत. तारेच्या ब्रशने घासून ६० लिटर खाऱ्या पाण्यात ठेवलेत. खारटपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), तापमान २५ अंश, पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप) चालू, दिवा बंद. तीन आठवड्यांनी अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट १०, पण फॉस्फेट ०.८ पीपीएम. सगळं पाणी बदललं तरी चार दिवसांत पुन्हा ०.७. आरओ-डीआयच्या (गाळून शुद्ध केलेल्या) पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, ० आहे. दगडाला अजून किंचित कुजका वास येतो. टाकीत टाकू का?

प्रतिसाद १
अजून नको. अमोनिया शून्य याचा अर्थ जिवाणू कामाला लागले, एवढाच. फॉस्फेट कॅल्शियम कार्बोनेटला चिकटून बसतं आणि पाण्यातलं कमी झालं की दगडातलं सुटतं. ६० लिटरमध्ये ०.८ पीपीएम म्हणजे जेमतेम ४८ मिलिग्रॅम. पाणी बदलून तेवढंच बाहेर जातं, दगडातला साठा राहतोच.

आधी वासाचं बघा. भोकांत वाळलेले स्पंज, शेवाळ, किडे अजून कुजताहेत. बिनवासाचं साधं ब्लीच एक भाग, गोडं पाणी दहा भाग, पॉवरहेड लावून दोन दिवस. मग धुऊन सोडियम थायोसल्फेट (क्लोरीन मारणारं द्रव्य) घातलेल्या पाण्यात ठेवा आणि क्लोरीनचा वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात वाळवा. जिवाणू मरतील, तीन आठवडे वाया जातील, पण टाकीत प्रवाळ असताना हीच घाण निस्तरणं फार अवघड.

नंतर पुन्हा खाऱ्या पाण्यात ठेवून लॅन्थेनम क्लोराइड द्या, ते फॉस्फेटला धरून गाळ बनवतं. आरओ पाण्यात पातळ करून थेंब थेंब, आणि ते थेट ५ ते १० मायक्रॉनच्या फिल्टर सॉकमध्ये (गाळणीच्या कापडी पिशवीत) पडू द्या. पांढरा गाळ तिथेच अडकतो, सॉक वरचेवर धुवा. अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) उतरते, कारण लॅन्थेनम कार्बोनेटलाही धरतं. ती मोजत राहा. मासे असलेल्या टाकीत हा प्रयोग टाळा, बारीक गाळ कल्ल्यांत जातो.

प्रतिसाद २
म्युरिॲटिक (हायड्रोक्लोरिक) ॲसिडने काम लवकर होतं: बाहेरचा थर विरघळतो, त्याबरोबर तिथलं फॉस्फेटही जातं. वीस भाग पाण्यात एक भाग ॲसिड, नेहमी पाण्यात ॲसिड, उलट कधीच नाही. उघड्यावर, चष्मा-हातमोजे घालून. फेस थांबला की खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा. दगड झिजतो आणि आतल्या भोकांतलं फॉस्फेट तरीही उरतं, म्हणून लॅन्थेनम टळत नाही. ब्लीच केलेला दगड पूर्ण धुऊन वाळल्याशिवाय ॲसिडला लावू नका, विषारी क्लोरीन वायू होतो. हे कृपया हलक्यात घेऊ नका.

मूळ प्रश्नकर्ता
ब्लीच करतो. फॉस्फेट किती खाली आणायचं? शून्य?

प्रतिसाद १
शून्य अजिबात नको. नव्या, निर्जंतुक दगडावर नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही संपली की डायनोफ्लॅजेलेट्सना (एकपेशीय सूक्ष्मजीवांना) मोकळं रान मिळतं, आणि तो तपकिरी चिकट थर हटवणं महाकठीण. ०.०५ ते ०.१ ठेवा. लॅन्थेनम थांबवल्यावर आठवडाभर तेवढंच राहिलं तर दगड तयार.

मग बाटलीतले जिवाणू घालून अमोनिया २ पीपीएमपर्यंत न्या. ५ च्या वर गेला तर जिवाणूच अडखळतात. २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की चक्र (जिवाणूंनी अमोनियाचं नायट्रेट करणं) पूर्ण. नायट्राइट असताना नायट्रेटचं किट फुगवून आकडा दाखवतं, तोवर तिकडे पाहू नका.

प्रतिसाद २
शेवटी जिवंत दगडाचा (जिवाणू-जीव असलेल्या ओल्या दगडाचा) मुठीएवढा तुकडा मिळवा, जिवाणूंची विविधता आणि गुलाबी कोरलाइन शेवाळ त्यातूनच येते. मात्र आधी वेगळ्या भांड्यात ठेवून ऐप्टेशिया (झपाट्याने पसरणारं उपद्रवी समुद्रफूल) नाही ना, ते नीट तपासा.